वायफायचा पासवर्ड नेमकं कशाचं रक्षण करतो?

"आमच्या वायफायला पासवर्ड आहे, आम्हाला काही होत नाही." वायरलेस सुरक्षेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. पासवर्ड असतोच. पण तो कसा आहे, त्याची मजल कुठपर्यंत जाते आणि त्याच्या पलीकडे काय काय उघडं पडलंय, याचा विचार सहसा झालेला नसतो. अगदी बेफिकीर माणसांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती अर्धी खबरदारी घेऊन निर्धास्त झालेल्या माणसांची.

2009 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सर्वसामान्य वायफाय वापरणाऱ्यांच्या समजुती तपासल्या होत्या. वायफाय वापरायचं कसं, हे लोकांना छान ठाऊक होतं. धोके मात्र नीट कळलेले नव्हते. जे थोडेफार उपाय ते करत होते ते अपुरे होते, आणि त्यांच्यामुळेच आपण सुरक्षित आहोत असा खोटा दिलासा त्यांना मिळत होता. तेव्हापासून तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण हा निष्कर्ष अजून शिळा झालेला नाही.

वायरलेस नेटवर्कवर संगणक सुरक्षित ठेवायचा तर तीन ठिकाणी बंदोबस्त लागतो: संगणक आणि राउटर यांच्यामधल्या हवेत, खुद्द राउटरवर आणि खुद्द संगणकावर. वायफायचा पासवर्ड यांतल्या फक्त पहिल्या जागेपुरता असतो. तोही चांगला असेल तर.

हवेतलं बोलणं

तारेतून जाणारा डेटा चोरायचा तर आधी तारेपर्यंत पोचावं लागतं. वायफायच्या लहरी भिंतीपलीकडे जातात आणि टप्प्यात असलेल्या प्रत्येक अँटेनाला ऐकू येतात. शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंतही तुमच्या डेटाची पाकिटं पोचतात. "ही माझी नाहीत" म्हणून तो ती टाकून देतो, कारण त्याला तसं शिकवलेलं असतं. ती न टाकता साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यामुळे हवेतलं कुणी ऐकूच नये, अशी अपेक्षा धरता येत नाही. ऐकलं तरी कळू नये, एवढी सोय करता येते. ती सोय म्हणजे एन्क्रिप्शन.

पहिला प्रयत्न फसला होता. 1997 च्या मूळ वायफाय मानकातच डब्ल्यूईपी नावाची पद्धत होती. तिच्यात प्रत्येक पाकिटाला एक बदलता आकडा जोडला जायचा, जेणेकरून एकच किल्ली वापरूनही दरवेळी वेगळं एन्क्रिप्शन व्हावं. हा आकडा फक्त 24 बिटांचा होता. म्हणजे सुमारे 1 कोटी 67 लाख शक्यता. ऐकायला मोठी संख्या, पण वर्दळीच्या नेटवर्कवर ती काही तासांत संपते आणि तेच आकडे पुन्हा वापरात येतात. 2001 मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी याहून खोल दोष दाखवला: पुरेशी पाकिटं गोळा केली की त्यांतून किल्लीच बाहेर काढता येते. 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाच्या आत आणून ठेवलं.

याची किंमत लोकांनी मोजली. अमेरिकेतल्या टीजेएक्स या मोठ्या दुकानसाखळीच्या यंत्रणेतून किमान 4 कोटी 57 लाख कार्डांचा तपशील चोरीला गेल्याचं 2007 मध्ये उघड झालं. चोर आत शिरले ते दुकानांतल्या वायफायमधून, आणि ते वायफाय डब्ल्यूईपीच्या भरवशावर होतं. डब्ल्यूईपी मोडीत निघाल्याला तोवर काही वर्षं उलटली होती, डब्ल्यूपीए ही सुधारित पद्धत 2003 पासून उपलब्ध होती, पण बदल रेंगाळला. खरीखुरी भक्कम पद्धत, म्हणजे एईएस नावाचं मजबूत एन्क्रिप्शन वापरणारी डब्ल्यूपीए2, 2004 मध्ये आली आणि 2006 पासून वायफायचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली.

त्या काळात लोक स्वतःहून किती काळजी घेत होते? हौशी मंडळी गाडीत लॅपटॉप आणि अँटेना घेऊन फिरायची आणि वाटेत दिसलेली नेटवर्क मोजायची. 2004 च्या अशा एका आंतरराष्ट्रीय मोजणीत दोन लाखांहून जास्त नेटवर्क नोंदली गेली. त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नेटवर्कवर कसलंही एन्क्रिप्शन नव्हतं. आज लोकांनी फिरून टिपलेल्या नेटवर्कांच्या 'विगल'सारख्या ऑनलाइन नोंदवह्यांमध्ये डब्ल्यूपीए2 ची नेटवर्क बहुसंख्य आहेत आणि उघडी नेटवर्क थोडी उरली आहेत.

हा बदल कशामुळे झाला? लोक एकाएकी सावध झाले म्हणून नव्हे. राउटर बनवणाऱ्यांनी तो कारखान्यातच एन्क्रिप्शन चालू करून, प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड देऊन, तो तळाशी चिकटवून पाठवायला सुरुवात केली. वापरणाऱ्याने काहीच केलं नाही तरी तो सुरक्षित बाजूला राहू लागला. या विषयात मला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे. ज्या गोष्टी आपसूक सुरक्षित केल्या गेल्या, त्या बऱ्यापैकी सुरक्षित राहिल्या. ज्या माणसाच्या मर्जीवर सोडल्या, तिथे आजही खिंडार आहे.

पासवर्ड कसा फुटतो

आता त्या खिंडाराकडे जरा जवळून पाहू.

तुमचा लॅपटॉप डब्ल्यूपीए2 च्या नेटवर्कला जोडला जातो तेव्हा तो आणि राउटर एकमेकांना चार निरोप पाठवतात. पासवर्ड त्यांत कुठेही उघडपणे जात नाही. दोघेही आपापल्या परीने पासवर्डवरून एक किल्ली तयार करतात आणि ती आपल्याकडे आहे याचा पुरावा तेवढा एकमेकांना देतात. रचना हुशारीची आहे. पण हे चार निरोप हवेतून जातात, आणि बाहेर बसलेला माणूस ते टिपून घेऊ शकतो. तुम्ही कधी जोडले जाल याची वाट पाहायचीही त्याला गरज नसते. राउटरच्या नावाने "जोडणी तोडा" असा बनावट निरोप पाठवला की तुमचा लॅपटॉप क्षणभर बाहेर पडतो आणि लगेच स्वतःहून परत जोडला जातो. तुम्हाला फारतर व्हिडिओ किंचित अडखळल्यासारखा वाटतो. चार निरोप त्याच्या हाती लागलेले असतात. 2018 मध्ये तर अशी रीत सापडली की अनेक राउटरांच्या बाबतीत कुणी जोडलं जाण्याचीही आवश्यकता उरली नाही. राउटरला एक विनंती धाडली की अंदाज पडताळण्यापुरता मजकूर तो स्वतःच देऊन टाकतो.

पुढचं काम तो घरी जाऊन निवांत करतो. एक पासवर्ड धरायचा, त्यावरून किल्ली काढायची, टिपलेल्या पुराव्याशी ताडून पाहायची. जुळली नाही तर पुढचा पासवर्ड. या सगळ्याची तुमच्या राउटरला गंधवार्ताही नसते. तीन वेळा चुकलात, आता थांबा, असं सांगायला इथे कुणी नाही. प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून किल्ली काढताना तोच हिशोब 4096 वेळा करावा लागेल अशी तजवीज मानकात आहे. तरीसुद्धा खेळांसाठी विकलं जाणारं एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज तपासतं.

या वेगाने थोडा हिशोब करून बघा. दहा आकड्यांचा पासवर्ड, कुठलेही आकडे, म्हणजे एक हजार कोटी शक्यता. तीन तासांच्या आत सगळ्या तपासून होतात. मोबाइल नंबर असेल तर सुरुवातीचे आकडे ठरावीक असल्याने आणखीच लवकर. आठ लहान इंग्रजी अक्षरं, अगदी अर्थहीन क्रमाने लावली, तरी अडीच दिवसांत खेळ संपतो. हीच अक्षरं बारा केली की हिशोब तीन हजार वर्षांवर जातो. चारच अक्षरं वाढली आणि दिवसांची वर्षं झाली, तीही हजारांत. म्हणून मी अक्षरांच्या जागी आकडे आणि चिन्हं घुसवण्याच्या कसरतीपेक्षा लांबीवर भर द्या म्हणते. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द सलग लिहिले तर पासवर्ड पाहुण्याला तोंडी सांगताही येतो आणि फोडायला अशक्यप्राय होतो. वायफायचा पासवर्ड 63 अक्षरांपर्यंत असू शकतो. शब्द मात्र खरोखर असंबद्ध हवेत. प्रसिद्ध ओळी, देवांची नावं, आडनावापुढे जन्मसाल, हे सगळं फोडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये आधीच असतं.

लोक प्रत्यक्षात काय ठेवतात, याचा एक बोलका प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सायबरआर्क कंपनीच्या इडो हूरविच या संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून 5,000 नेटवर्कांची माहिती टिपली आणि मग पासवर्ड फुटतात का ते पाहिलं. 70 टक्क्यांहून अधिक फुटले. त्यांत सगळ्यात मोठा वाटा होता मोबाइल नंबरचा. तिथे अनेक लोक आपला नंबरच वायफायला देतात, हे त्याला आधीच जाणवलं होतं आणि त्याने सुरुवात तिथूनच केली. उरलेल्यांतले बरेचसे, पूर्वी दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डांच्या प्रसिद्ध यादीत आयते सापडले. या सगळ्या लोकांच्या नेटवर्कला एन्क्रिप्शन होतं. विचारलं असतं तर त्यांनीही "पासवर्ड आहे" असंच सांगितलं असतं, हे विसरू नका.

2018 मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए3 ही पद्धत नेमकी याच ठिकाणी वेगळी आहे. तिच्यात टिपलेलं बोलणं घरी नेऊन अंदाज तपासता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी थेट बोलावं लागतं, त्यामुळे लाखोंचा वेग राहत नाही. "जोडणी तोडा"चे बनावट निरोपही ती नाकारते. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत 2019 मध्ये दोष सापडले आणि ते दुरुस्तही झाले. तुमच्या राउटरमध्ये आणि उपकरणांत ती असेल तर निवडा. जुनी उपकरणं अडत असतील तर डब्ल्यूपीए2 आणि 3 एकत्र चालवण्याचा पर्याय असतो, पण त्या मिश्र पर्यायात जुन्या पद्धतीचा पासवर्डवरचा हल्ला शक्य राहतो. म्हणून पासवर्ड लांब ठेवण्यातून सुटका नाही.

एक चोरवाट खुद्द राउटरमध्येच असते. डब्ल्यूपीएस नावाच्या सोयीत आठ आकडी पिन टाकून उपकरण जोडता येतं. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. श्टेफान फीबॉक या संशोधकाने 2011 मध्ये दाखवलं की राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत हे वेगळं सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून हिशोबाने ठरतो. मग उरतात दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फक्त 11,000 अंदाज. तुमचा पासवर्ड साठ अक्षरी असला तरी या वाटेने तो बाहेर येतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएसची पिन बंद करा. पुष्कळ नव्या राउटरांवर ती बंदच असते किंवा चुकीच्या प्रयत्नांनंतर अडकते, पण जुन्यावर खात्री करून घ्यावी.

आणि दोन उपाय असे आहेत की जे लोक मोठ्या कष्टाने करतात आणि ज्यांचा काडीचाही उपयोग नाही. नेटवर्कचं नाव लपवणं हा एक. कुणीही जोडलं गेलं की ते नाव हवेत येतंच. उलट तुमचा लॅपटॉप त्या लपलेल्या नावाला हाका मारत बाहेर हिंडतो, म्हणजे नाव गुप्त राहायच्या ऐवजी जाल तिथे पोचतं. दुसरा उपाय, ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे उपकरणांच्या ओळख क्रमांकांनाच, प्रवेश देण्याचा. हा पत्ता प्रत्येक पाकिटावर एन्क्रिप्शनविना लिहिलेला असतो. तो वाचून आपल्या उपकरणाला लावणं मिनिटभराचं काम आहे. या दोन्हींवर घालवलेला वेळ पासवर्ड बदलण्यात गेला असता तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

घराबाहेरचं वायफाय

विमानतळ, हॉटेल, वाचनालय अशा ठिकाणच्या फुकट वायफायची भीती खूप घातली जाते. त्यातली निम्मी भीती आता जुनी झाली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

2010 सालापर्यंत बहुतेक संकेतस्थळं लॉगिनचं पान तेवढं एन्क्रिप्ट करायची, पुढचं सगळं उघड्यावर चालायचं. लॉगिननंतर संकेतस्थळ ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी देतं, जिला कुकी म्हणतात. ती उघड्या वायफायवरून जशीच्या तशी जायची. एरिक बटलर यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं छोटं एक्स्टेन्शन जाहीर केलं. ते सुरू केलं की आसपासच्या लोकांची खाती नाव-फोटोसकट यादीत दिसायची. एकावर क्लिक केलं की तुम्ही त्या माणसाच्या खात्यात. पासवर्ड फोडायचाच नाही. दोष तज्ज्ञांना आधीपासून माहीत होता. बटलर यांनी तो कुणालाही दिसेल असा समोर ठेवला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या संकेतस्थळांनी संपूर्ण वावर एचटीटीपीएसवर, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर नेला. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने एचटीटीपीएसला लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली आणि लहान संकेतस्थळांचाही प्रश्न सुटला. आज क्रोममधून उघडली जाणारी दहापैकी नऊहून अधिक पानं एचटीटीपीएसवर असतात. इथेही वापरणाऱ्याने काही केलं नाही, तरी तो आपसूक सुरक्षित झाला.

म्हणजे बँकेचं पान उघड्या वायफायवर उघडलं तरी शेजारी बसलेल्याला तुमचा पासवर्ड किंवा शिल्लक दिसत नाही. कोणतं संकेतस्थळ उघडलं हे मात्र बहुतेक वेळा कळतं, कारण संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याची विचारणा आणि जोडणीच्या सुरुवातीचा मजकूर अजून पुष्कळ ठिकाणी उघडा जातो. तेवढंही कळू नये असं वाटत असेल तर व्हीपीएन, म्हणजे तुमचा सगळा वावर एन्क्रिप्ट करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, वापरता येतं. पण त्यात विश्वास नाहीसा होत नाही, तो फक्त व्हीपीएन चालवणाऱ्याकडे जातो. फुकट व्हीपीएन घेताना हा प्रश्न स्वतःला विचारा.

हॉटेलच्या भिंतीवर लिहिलेल्या पासवर्डविषयीही गैरसमज आहे. डब्ल्यूपीए2 मध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचे ते चार निरोप टिपलेत, त्याला तुमच्या आणि राउटरच्या मधलं एन्क्रिप्शन सोडवता येतं. सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड तुम्हाला बाहेरच्यापासून वाचवतो, शेजारच्या टेबलापासून वाचवत नाही. अशा वेळी तुमचं खरं रक्षण एचटीटीपीएस करत असतं.

उरलेली निम्मी भीती मात्र खरी आहे. उघड्या नेटवर्कला स्वतःची ओळख पटवून देण्याचा मार्गच नसतो, फक्त नाव असतं. आणि नाव कुणीही घेऊ शकतं. तुमच्या लॅपटॉपने पूर्वी एखाद्या विमानतळाचं उघडं वायफाय वापरलं असेल आणि आपोआप जोडण्याची परवानगी असेल, तर त्याच नावाचं नेटवर्क कुणी कुठेही उभं केलं तरी लॅपटॉप आनंदाने त्याला जोडला जातो. जोडल्यावर संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते कुठले द्यायचे, लॉगिनचं म्हणून कोणतं पान दाखवायचं, हे समोरचा ठरवतो. संगणकातली जतन केलेल्या नेटवर्कांची यादी एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षांचे प्रवास त्यात साचलेले असतात. घर आणि काम सोडून बाकीची बहुतेक नावं काढून टाकता येतात. मी सांगितलेल्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे.

असल्या बनावट नेटवर्कवर ब्राउझर एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा देतो. त्या पानावर "तरीही पुढे जा" असा पर्याय असतो. तो दाबू नका. बनावट नेटवर्कवर तुम्ही आणि चोर यांच्यामध्ये अनेकदा तो इशारा एवढीच गोष्ट उभी असते.

राउटर नावाचा विसरलेला संगणक

राउटर हा स्वतः एक संगणक आहे आणि त्याला स्वतःचा पासवर्ड असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. वायफायचा पासवर्ड वेगळा, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा. पहिला लोक बदलतात. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि जुन्या मॉडेलांत तो नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन' अशा धर्तीचा असतो.

हा दुसरा पासवर्ड हाती आला की काय होतं? संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर त्याचा पत्ता कुणाला विचारायचा, ही सेटिंग राउटरमध्ये असते. ती बदलली की घरातला प्रत्येक संगणक, प्रत्येक फोन, चोराला वाट विचारू लागतो. संगणकात व्हायरस नाही, वायफायचा पासवर्ड भक्कम आहे, आणि तरी सगळं घर चुकीच्या दारात जातं. यासाठी हल्लेखोर जवळपास असण्याचीही गरज नाही. एखाद्या दुष्ट पानातला कोड तुमच्याच ब्राउझरमधून, म्हणजे घराच्या आतून, राउटरचे नेहमीचे पासवर्ड टाकून पाहू शकतो.

2016 मध्ये मिराई या प्रोग्रामने कॅमेरे, राउटर आणि तत्सम उपकरणं लाखांच्या संख्येने ताब्यात घेतली. त्याच्याकडे कुठलीही गुप्त विद्या नव्हती, कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेतल्या कित्येकांना ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास उघडता आली नाहीत. मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा असाच एक दुष्ट प्रोग्राम समोर आला. 54 देशांमधली किमान 5 लाख उपकरणं, मुख्यतः घरातले आणि लहान कचेऱ्यांतले राउटर, त्याच्या कब्जात होती. ज्यांचे राउटर होते त्यांना काही जाणवलं नव्हतं, इंटरनेट नेहमीसारखंच चालत होतं.

तेव्हा राउटरचं सेटिंगचं पान एकदा उघडा. त्याचा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड बहुधा तळाच्या स्टिकरवर असतो. सेटिंगचा पासवर्ड बदला, आणि तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून सेटिंग बदलू देण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आपोआप होण्याची सोय असेल तर चालू करा. आणि पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर टीव्ही, कॅमेरा, दिवे असली उपकरणं तिकडे हलवा, म्हणजे त्यांतलं एखादं फुटलं तरी तुमच्या संगणकापर्यंत वाट मिळत नाही.

आणि शेवटी संगणक

समजा हवा सुरक्षित आहे, राउटर सुरक्षित आहे. त्याच नेटवर्कवर कुणाचा तरी बाधित लॅपटॉप येऊन बसला तर?

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला तो विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या यंत्रणेतल्या दोषातून, एकाच नेटवर्कवरच्या एका संगणकावरून दुसऱ्यावर, कुणी कशावरही क्लिक न करता. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. दोन महिने हातात असूनही ती लावायची राहून गेली होती.

"अपडेट नंतर करू" या बटणाची ही गोष्ट आहे, म्हणून स्वयंचलित अपडेट बंद करू नका एवढं सांगून पुढे जाते. दुसरी सेटिंग कमी परिचयाची आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'सार्वजनिक' किंवा 'खासगी' समजतं. खासगी म्हटलं की तुमचा संगणक इतरांना दिसतो, शेअर केलेल्या फाइल आणि प्रिंटर दाखवतो. सार्वजनिक म्हटलं की तो गप्प राहतो आणि फायरवॉल बाहेरून आलेल्या बहुतेक जोडण्या नाकारते. पुष्कळ जणांनी कधीतरी प्रिंटर चालेना म्हणून 'खासगी' निवडलेलं असतं, आणि तीच सवय बाहेरच्या नेटवर्कवरही चालते. नेटवर्कच्या नावावर क्लिक करून गुणधर्म उघडले की ही निवड दिसते. घर सोडून सगळीकडे ती 'सार्वजनिक' हवी. अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर फायरवॉल सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, ती केली आहे का पाहा.

जबाबदारी कुणाची

इतकं सगळं माणसाने लक्षात ठेवावं ही अपेक्षा मला पटत नाही. बाजारात येणारं उपकरणच सुरक्षित असायला हवं, आणि कायदे हळूहळू त्या दिशेने सरकत आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना एकतर प्रत्येक नगाचा वेगळा पासवर्ड हवा किंवा पहिल्यांदा वापरताना तो बदलायला लावणं बंधनकारक झालं. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या नगांना एकच किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यावर बंदी आहे, शिवाय सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकताना सांगावं लागतं. युरोपीय संघाचा याहून व्यापक कायदा डिसेंबर 2024 मध्ये अंमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर 2027 पासून लागू होतील.

हे सगळे कायदे नव्या विक्रीला लागू आहेत. आधीपासून कपाटावर धूळ खात चालू असलेल्या राउटरला ते शिवत नाहीत. त्या राउटरच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर शोधला की शेवटचं अपडेट कधी आलं आणि यापुढे येणार आहे का, ते समजतं. येणार नसेल तर तो राउटर बदलावाच लागेल, आणि जुना देऊन टाकण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, कारण तुमच्या वायफायचा पासवर्ड त्याच्यात जपून ठेवलेला असतो.